फुंकर

सांवेर रोडच्या शेडमध्ये आज पुन्हा एक खोकं परत आलं.
आत चार पॅड आणि डीलरची चिठ्ठी :
‘माल बजता है. पुराना वाला चुप था.’

पॅड हातात घेऊन बघते.
कडेला निळसर, करपल्याचा डाग.
मिश्रण माझंच, नववं :
बॅराइट, पोलादाची लोकर,
अरामिडचा पिवळा पिंजलेला कापूस,
ग्रॅफाइट, राळ,
आणि काजूच्या टरफलांच्या तेलाची तपकिरी पूड.
एकच वस्तू नाही.
ती नाही म्हणून तर एवढा पसारा.
दगडाचा एक धागा एकटा करायचा ते काम
आता अकराजण मिळून करतात,
आणि त्यातला एखादा ओरडतोच.

माझ्या सासऱ्यांना तो धागा ठाऊक होता.
लोहामंडीत चौतीस वर्षं लायनिंगला रिव्हेट मारले.
ट्रकचा ड्रम उघडला की आत राखाडी पीठ साचलेलं.
ओठांचा चंबू करून एक फुंकर,
लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी,
की ड्रम लख्ख.
टोकेकर मिस्त्रींचा ब्रेक बोलत नाही,
असं ट्रान्सपोर्ट नगरातले ड्रायव्हर सांगायचे.

नाना आज एक्क्याऐंशीचे आहेत.
दोन जिने चढतात, वर आल्यावर
धाप न लागता भाजीचा हिशोब देतात.

खोकला सासूबाईंना झाला.
त्यांनी गॅरेजचं दारही पाहिलं नव्हतं.
रोज संध्याकाळी परदेशीपुऱ्यातल्या गॅलरीत
त्या नानांचा शर्ट झटकायच्या,
कॉलरला धरून, दोनदा, तीनदा,
पाण्यात टाकण्याआधी.
उन्हाच्या तिरिपेत ते चमकायचं म्हणे.
डॉक्टरांनी विचारलं, कारखान्यात होतात का?
नाही हो, मी घरीच असते.
फॉर्मवर, पेशा : गृहिणी.

परवा नानांना पिकअपमध्ये पुढे बसवून नेलं.
मागे दीड टन वाळूची पोती.
मानपूरच्या घाटात युसुफ वळणावळणाला
मुद्दाम ब्रेक दाबत होता
आणि माझ्या मांडीवरच्या यंत्रात आकडे चढत होते,
दोनशे ऐंशी, तीनशे दहा, तीनशे चाळीस.
पॅड धरत होते.
पॅड किंचाळतही होते.
चहाच्या टपरीखालची कुत्री उठून उभी राहिली.

पायथ्याला थांबलो.
नाना खाली उतरले, चाकाशी उकिडवे बसले,
आणि जुन्या सवयीनं
ओठांचा चंबू झाला.

मी मध्ये हात घातला.
ह्या पुडीत तसलं काही नाही, असं
मीच लिहून खाली सही केलेली.
तरी घातला.
फुंकर माझ्या तळव्यावर आली. कोमट. विड्याच्या वासाची.

ते माझ्याकडे बघत राहिले.
मग चाकाकडे.
‘वास कसला? करपट, तेलकट?’
‘काजूचं टरफल.’
‘हिच्या बोटांना...’ म्हणाले आणि थांबले.
‘वेंगुर्ल्याला काजू फोडायची लग्नाआधी.
मांडवात आली तेव्हा बोटं सोलवटलेली.
मेंदीसुद्धा धड चढली नव्हती.’

युसुफनं रेडिएटरवर पाणी ओतलं.
बराच वेळ फक्त लोखंड निवल्याची टिकटिक.

मग मिस्त्रीच्या आवाजात :
‘पुढची कड तासून घे. पाच अंश नको, पंधरा.
सरळ कड आधी आपटते, म्हणून ओरडते.’

तासली आहे. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिते :
आवाज कमी होईल.
‘बंद होईल’ असं लिहायला पेन टेकवते
आणि उचलते.

सहा वाजले.
एप्रन इथंच, झाकणाच्या पिंपात.
कुर्त्याची बाही नळाखाली ओली करून
पुसून घेते, कोपरापर्यंत.
झटकत नाही.